नर्सेसना ओईटीचं इंग्रजी शिकवतेय, वॉर्डातली माया इंग्रजीत कशी आणायची?

संध्याकाळची_बॅच (मिरज)

नमस्कार. मी शाळेत १४ वर्षं इंग्रजी शिकवलं, आता घरीच बॅच घेते. सहा महिन्यांपासून पाच नर्स येतात, सगळ्या जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या, मिरज-सांगलीत नोकरी करणाऱ्या, शाळा मराठी माध्यमातली, आणि सगळ्यांना यूकेला जायचंय म्हणून ओईटी, म्हणजे नर्स-डॉक्टरांसाठीची इंग्रजीची परीक्षा, द्यायचीय. ड्युटी सुटली की तशाच येतात, कुणाची नाइट असली की ती नाही, त्यामुळे पाचही जणी एकत्र असा आठवड्यातला एखादाच दिवस मिळतो.

व्याकरणाचं मी बघते, ते चाललंय. अडतंय ते स्पीकिंगला. रोलप्लेचं कार्ड (समोरच्या 'पेशंट'शी नर्स म्हणून काय बोलायचं ते त्यावर असतं) हातात आलं की या मुली हुकूम सोडायला लागतात. यू टेक धिस टॅब्लेट. यू डोन्ट वॉक. गिव्ह युवर हँड. चूक म्हणाल तर फार मोठी नाही, पण ऐकणाऱ्याला वाटेल बाई रागावलीय. आणि यातल्याच एकीला मी वॉर्डात पाहिलंय, माझ्या सासूबाई ॲडमिट होत्या तेव्हा, सुई टोचताना "आजी, जरा हात पुढे करा हं, झालंच बघा आता" असं इतक्या मायेनं बोलत होती की सासूबाई अजून तिचं नाव काढतात. ती माया इंग्रजीत येताना कुठे जाते? तिला मागच्या महिन्यात स्पीकिंगला ३२० मिळाले, हवे होते ३५०, बाकी सगळ्यात पास. माझ्याकडे येऊन रडली हो.

दुसरं रायटिंग. पेशंटच्या केस नोट्स वाचून पत्र लिहायचं असतं, तर या नोट्समधलं एकूण एक पत्रात उतरवतात, काही सोडायची भीतीच वाटते. मी मेडिकलची नाही, त्यामुळे काय सोडायचं हे मलाही ठामपणे सांगता येत नाही. कुणी हे शिकवलंय का किंवा स्वतः यातून गेलंय का?

नाइटड्युटी_लीड्स

ताई, मी सोलापूरची, इंग्लंडात लीड्सला मेडिकल वॉर्डवर सहा वर्षं झाली. तुमची पोस्ट वाचून पोटात तुटलं कारण मीही अशीच बोलायचे आणि मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आपण मराठीत प्लीज म्हणतो का रोजच्या बोलण्यात? नाही ना. आपली विनंती असते 'जरा' मध्ये, 'हं' मध्ये, 'बरं का' मध्ये आणि सुरामध्ये. इंग्रजी करताना हे सगळं गळून पडतं आणि हातात उरतं नुसतं गिव्ह युवर हँड. इथे आल्यावर मी बरोबरच्या नर्सेसचं बोलणं कान देऊन ऐकायला लागले तेव्हा लक्षात आलं की त्यांचं 'जरा' म्हणजे 'जस्ट' आणि 'पॉप', आणि त्यांचं 'हं' म्हणजे 'फॉर मी'. कुड यू जस्ट पॉप युवर आर्म आउट फॉर मी. हे म्हणजे तुमच्या मुलीचं "आजी जरा हात पुढे करा हं" जसंच्या तसं आहे! तिला हे असंच सांगा, की तुला नवीन काही शिकायचं नाहीये, तुझं 'जरा' आणि 'हं' तेवढं बरोबर घेऊन जायचंय.

मग नावाचं. इथे आजी, काका, मावशी म्हणता येत नाही आणि तो आधार गेला की आपण एकदम कोरडे होतो. त्याऐवजी पहिल्यांदा स्वतःचं नाव सांगायचं आणि मग विचारायचं, व्हॉट वुड यू लाइक मी टु कॉल यू. आपल्याकडे नर्स स्वतःचं नाव सांगतच नाही, सगळ्यांची ती सिस्टर. (इथे सिस्टर हे पद आहे, वॉर्डची इन्चार्ज, त्यामुळे आय ॲम सिस्टर म्हटलं की गोंधळ होतो.) डॉ. केट ग्रेंजर म्हणून एक डॉक्टर होत्या, त्यांना स्वतःला कॅन्सर झाला होता, ॲडमिट असताना त्यांना जाणवलं की आपल्याशी बोलणारे कित्येक जण नावसुद्धा सांगत नाहीत, त्यातून २०१३ मध्ये त्यांनी 'हॅलो माय नेम इज' ही मोहीम सुरू केली. २०१६ मध्ये त्या गेल्या पण ते बॅज अजून इथल्या हॉस्पिटलांत दिसतात. ही गोष्ट मुलींना सांगा, पहिलं वाक्य आपोआप तोंडात बसेल.

आणि ऐकण्यातलं एक, माझ्याकडून झालेली चूक आहे. पहिल्याच महिन्यात एक आजोबा सकाळी म्हणाले आय वॉज सिक इन द नाइट. मी समजले बरं वाटत नव्हतं. त्यांना सांगायचं होतं की उलटी झाली. फीलिंग सिक म्हणजे मळमळ, बीन सिक म्हणजे उलटी, हे मला दुपारी कळलं आणि तोवर चार्टवर नोंद नव्हती. निभावलं, पण मी ते विसरलेले नाही. वॉटरवर्क्स म्हणजे लघवीचं, पिन्स अँड नीडल्स म्हणजे मुंग्या, पुअरली म्हणजे आजारी, हे नुसतं पाठ करून घेऊ नका, पेशंट बनून त्यांच्याशी बोला.

पत्रलेखन_पुणे

मी सात वर्षं ओईटीच शिकवतो, मीपण मेडिकलचा नाही. मॅडम, त्याची काळजी सोडा, मेडिकल त्यांना येतं.

स्पीकिंगमध्ये दोन रोलप्ले असतात, प्रत्येकी साधारण पाच मिनिटं, आधी तयारीला दोन-तीन मिनिटं. समोर पेशंट बनून बसलेली व्यक्ती मार्क देत नाही, रेकॉर्डिंग दुसरीकडे तपासतात, हे मुलींना सांगितलं तरी भीती थोडी उतरते. तपासायचे निकष ९ आहेत, त्यातले ४ भाषेचे आणि ५ पेशंटशी कसं वागलात याचे, म्हणजे नातं जोडलं का, पेशंटला काय वाटतंय ते विचारात घेतलं का, माहिती सांगण्याआधी त्याला काय माहितीय ते विचारलं का. आपल्या मुली कार्डावरचे मुद्दे एका दमात सांगून मोकळ्या होतात, पेशंट म्हणतो आय ॲम वरीड आणि या पुढचा मुद्दा सुरू करतात. तिथे थांबायला शिकवा. काळजी कशाची वाटतेय एवढा एक प्रश्न विचारला तरी फरक पडतो.

रायटिंगला माझी एकच युक्ती आहे पण ती चालते. नोट्स वाचायला ५ मिनिटं असतात, लिहायला ४०, आणि पत्र साधारण १८० ते २०० शब्दांचं. मी पेन हातात घेऊच देत नाही. आधी मराठीत विचारतो, आता रात्रपाळीची सिस्टर आलीय, तिला या पेशंटचा ओव्हर दे (ड्युटी सोपवताना पेशंटची माहिती देतात तो). ती लगेच सांगते, काय झालं, आज कसा आहे, काय बघत राहायचं. वीस वर्षांपूर्वी अपेंडिक्स काढलं होतं हे ती कधीच सांगत नाही! मग म्हणतो, जे बोललीस तेच लिही. घरी जाऊन ड्रेसिंग करणाऱ्या नर्सला पत्र असेल तर तिला जखम, औषधं, पुढची तारीख हवी. पत्र कशासाठी हे पहिल्या परिच्छेदातच आलं पाहिजे, त्याचे वेगळे मार्क आहेत. यूकेच्या एनएमसीला (तिथे नर्सेसची नोंदणी करणारी संस्था) नर्ससाठी रायटिंगला ३०० चालतात, ३५० ची अट बाकी तिन्हींना, म्हणजे वाचणं, ऐकणं, बोलणं, त्यामुळे रायटिंगमध्ये अलंकारिक लिहायचा हट्ट नको.

तुमच्या ३२० वाल्या मुलीसाठी: १२ महिन्यांच्या आतल्या दोन परीक्षांचे निकाल एनएमसी एकत्र धरते, किमान मार्कांच्या अटी आहेत त्या साइटवर नीट वाचून घ्या. म्हणजे सगळं पाण्यात गेलं असं नाहीये.

डॉक्टर_परभणी

वरचं सगळं वाचलं, पण मला मराठीतून इंग्रजीत जाणं पटत नाही. परीक्षेत पेशंटसमोर भाषांतर करायला वेळ कुठे आहे, पहिल्या दिवसापासून इंग्रजीतच बोलायला लावा. आणि उच्चार! व्ही आणि डब्ल्यू आपल्याकडे एकच 'व', व्हेन (शीर) आणि वेन (केव्हा) सारखं ऐकू येतं. फिफ्टीन आणि फिफ्टी तर जीवावरचं काम आहे, डोस सांगताना वन फाइव्ह, फाइव्ह झीरो असं आकडे फोडून सांगायची सवय लावा.

नाइटड्युटी_लीड्स

आकड्यांचं शंभर टक्के बरोबर डॉक्टर, आम्ही इथे फोनवर तसंच सांगतो. पण मराठी सोडा म्हणू नका हो. झेडचा उच्चार मला 'जवळ' मधल्या ज वरून आला, 'जग' मधला ज वेगळा आणि 'जवळ' मधला वेगळा हे मराठी माणसाच्या तोंडात आधीच आहे, त्या दुसऱ्या ज ला थोडा मऊ केला की झालं. आणि दुखण्याचे शब्द बघा आपले किती आहेत! ठसठसतंय ते थ्रॉबिंग, चमक मारली ते शूटिंग, भगभगतंय ते बर्निंग, गोळा आला ते क्रॅम्प, सुई टोचल्यासारखं ते प्रिकिंग. परीक्षेत आणि वॉर्डात दोन्हीकडे नुसतं पेन इज देअर म्हणणारी नर्स मराठीत मात्र हे सगळं बारीक विचारत असते. इज इट पेनिंग पण नको, इज इट हर्टिंग किंवा इज इट सोअर.

संध्याकाळची_बॅच (मिरज)

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. काल चौघी आल्या होत्या. डॉक्टर, तुमचं ऐकून शेवटचा अर्धा तास पूर्ण इंग्रजी ठेवला, सुरुवात मात्र मराठीतून केली. मी आजी झाले, खाटेवर पडले आणि आधी मराठीत हात मागायला लावला, मग त्याच सुरात इंग्रजीत. ३२० वाली म्हणाली "मॅडम, पॉप म्हणजे आपलं जराच की." आणि पुढची पाच मिनिटं ती जी बोलली ना, तीन वेळा थांबून मला विचारलं की कशाची काळजी वाटते. व्याकरण दोनदा चुकलं, मी अडवलं नाही. तिची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.

ओव्हर देण्याची युक्ती पण केली, एकीचं पत्र ३१० शब्दांवरून २०५ वर आलं. दुखण्याच्या शब्दांचा तक्ता भिंतीवर लावलाय, मुलींनीच अजून अकरा शब्द जोडले. एकावर सगळ्या अडल्या. अंगात कसकस आहे, ताप अजून चढलेला नाही पण येणार, याला तिकडचा पेशंट काय म्हणेल?

नाइटड्युटी_लीड्स

ऑल एकी अँड शिव्हरी, म्हणजे अंग दुखतंय आणि थंडी वाजतेय. कधीकधी नुसतं आय थिंक आय ॲम कमिंग डाउन विथ समथिंग. असं कुणी म्हटलं की मी लगेच टेम्परेचर बघते.