‘मरीन बटालियन’ला मराठीत काय म्हणायचं?

दुभाषी: मुंबईच्या जुन्या पलटणींवरच्या एका इंग्रजी लेखाचं भाषांतर करतेय. त्यात ‘मरीन बटालियन’ आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १७७७ मध्ये उभी केलेली. शिपाई पायदळाचेच, पण कंपनीच्या मुंबई आरमाराच्या जहाजांवर पहाऱ्याला नि लढायला जायचे. मी ‘नौदल बटालियन’ लिहिलं, संपादकांनी काट मारून ‘सागरी पलटण’ केलं. मला ते मालवणी हॉटेलचं नाव वाटतं. सुचवा काहीतरी.

गलबत: नौदल चूकच. नौदलाचा माणूस जहाज हाकतो, हा जहाजावर बंदूक घेऊन उभा. ‘आरमारी पायदळ’ करा.

शुद्धमती: बटालियनला ‘वाहिनी’ हा अस्सल शब्द असताना पलटण कशाला? सागरवाहिनी!

गलबत: वाहिनी म्हटलं की आम्हाला सह्याद्री वाहिनीच्या बातम्या आठवतात. आणि महाभारताच्या हिशोबात वाहिनी म्हणजे ८१ हत्ती, ८१ रथ, २४३ घोडे आणि ४०५ पायदळ. हत्ती गलबतावर चढवायचे कुणी, तुम्ही?

शुद्धमती: चेष्टा करा. ‘महापौर’ला पण लोक हसलेच होते.

फौजीचा_पोर: पलटणला काय धाड भरलीय? वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. तिथे पहिली बटालियन ‘जंगी पलटण’ आणि दुसरी ‘काळी पाचवी’. ‘आमची पलटण’ म्हणजे बटालियन. रेजिमेंट नव्हे, आणि प्लाटून, म्हणजे बटालियनमधली छोटी तुकडी, तर नव्हेच नव्हे. पेपरात प्लाटूनला पलटण छापलं की वडील पेपर घडी घालून बाजूला टाकायचे.

अडकित्ता: पलटण हा ‘पलटणे’वरून आलाय. कवायतीत शिपाई एकदम मागे पलटतात ना!

गलबत: बरं! मग वरात वरणावरून आली का? हॉब्सन-जॉब्सन, तो जुना अँग्लो-इंडियन शब्दकोश, काढून बघा. बटालियनचा अपभ्रंश, किंवा इंग्रजी प्लाटून नाहीतर त्याचा फ्रेंच भाऊ पलोतों. दक्षिणेत तोच शब्द ‘पटालम’ झाला.

अडकित्ता: ‘किंवा’, ‘नाहीतर’… म्हणजे त्यांनाही खात्री नाही. माझंही चालेल.

गिरगावकर: मंडळी, बटालियन तुमच्या नाकासमोर आहे! मरीन लाइन्स स्टेशन. ते नाव समुद्रावरून पडलेलं नाही, मरीन ड्राइव्हवरून तर नाहीच, तो रस्ता बॅकबेमध्ये भराव टाकून विसाव्या शतकात झाला. मूळ नाव मरीन बटालियन लाइन्स. लाइन म्हणजे शिपायांच्या बराकी. अजून ‘पोलीस लाइनीत राहतो’ म्हणतोच की आपण. दुभाषीताई, मुंबईकरांनी ‘मरीन’ दीडशे वर्षं जिभेवर ठेवलाय, तुम्ही तो बदलायचं काय करताय?

दुभाषी: हे माहीत नव्हतं. पण लेखात पुढे ‘ड्रिल हवालदार’ही आहे…

शुद्धमती: कवायत हवालदार.

फौजीचा_पोर: कवायत अरबी, हवालदारही तिकडूनच. तुमचं शुद्धीकरण दारातच अडकलं.

गिरगावकर: तो ड्रिल हवालदार म्हणजे सय्यद हुसेन असणार. याच बटालियनचा. १८५७ मध्ये मुंबईत दिवाळीच्या सुमारास उठाव करायचा बेत पोलीसप्रमुख फोर्जेटने हुडकून काढला. १५ ऑक्टोबरला सय्यद हुसेन आणि दहाव्या रेजिमेंटचा शिपाई मंगल गाडिया यांना एस्प्लनेडवर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या भागात, तोफेच्या तोंडी बांधून उडवलं. आपण ऑफिसात ‘साहेबांनी मला तोफेच्या तोंडी दिलं’ म्हणतो. मी तो वाक्प्रचार टाळतो.

अडकित्ता: मग ‘सुळावर चढवलं’ पण टाळा. भाषा मुकी होईल.

गिरगावकर: सुळावर मी पाहिलेल्या मैदानात कुणी चढलेलं नाही.

गलबत: मूळ प्रश्नाकडे या. कंपनीचं ते आरमार १८३० मध्ये ‘इंडियन नेव्ही’ झालं आणि १८६३ मध्ये मोडलं. बटालियन मात्र राहिली. १९०३ मध्ये १२१ वी पायोनियर्स झाली, म्हणजे रस्ते करा, खंदक खणा. १९२२ मध्ये दुसऱ्या बॉम्बे पायोनियर्सची दहावी बटालियन, तरी कंसात ‘मरीन बटालियन’ कायम. १९३३ मध्ये पायोनियर्सच गुंडाळले. बोटीचा संबंध सुटल्यावरही नाव चिकटून राहिलं, म्हणजे ते विशेषनाम. तिथे ‘सागरी’ लिहिलं तर फावडेवाल्यांना समुद्रात ढकलल्यासारखं होईल. मी आरमारी पायदळ मागे घेतो, फक्त सुरुवातीच्या काळापुरतं ठेवा.

शुद्धमती: म्हणजे एकाच पलटणीला दोन नावं? वाचक गोंधळतील.

फौजीचा_पोर: ताई, पलटण लिहिलंत तुम्ही! 😄

शुद्धमती: सवयीने. वाहिनीच म्हणायचं होतं.

अडकित्ता: स्टेशनांचा विषय निघालाच आहे तर चर्नी रोड कशावरून? आजी म्हणायची, गुरं चरायची म्हणून चरणी.

गिरगावकर: बरोबर. जमशेटजी जीजीभॉयांनी १८३८ मध्ये तिथे जमीन घेऊन गुरांना फुकट चरायची सोय केली होती.

ठाणेकर_पक्का: अजिबात नाही. ठाण्याच्या चेंदणीतून आलेल्या लोकांमुळे पडलंय ते नाव. चेंदणीचं चर्नी. आमचं आजोळच तिथलं.

गिरगावकर: आजोळ म्हणजे पुरावा नव्हे.

ठाणेकर_पक्का: आणि अडकित्त्याची आजी पुरावा?