‘विरळ’ म्हणजे ‘विखुरलेले’ नव्हे: जंगलातील झाडांच्या ठेवणीचे शब्द

प्रश्न: जुन्या मिश्र जंगलात एकेका जातीची झाडे जमिनीवर कशी पसरलेली असतात, यावरील मजकुराचे भाषांतर करताना मी ‘झाडांचे वितरण’ असे लिहून त्याचे ‘दाट’, ‘विरळ’ आणि ‘समान’ असे तीन प्रकार केले. संपादकांनी चारही शब्दांवर खुणा केल्या आहेत. नेमके काय चुकले असावे?

उत्तर: ‘वितरण’ म्हटले की मराठी वाचकाला बक्षिसे किंवा वर्तमानपत्रे आठवतात, म्हणजे वाटणारा कोणीतरी गृहीत धरला जातो. ‘मांडणी’तही तोच दोष आहे. मी ‘विन्यास’ किंवा साधे ‘ठेवण’ पसंत करीन.

खरी चूक मात्र ‘दाट’ आणि ‘विरळ’ या शब्दांत आहे, कारण ते घनता सांगतात. एका हेक्टरात किती झाडे आहेत हे त्यांतून कळते, ती एकमेकांच्या संदर्भात कुठे उभी आहेत हे कळत नाही. उष्ण कटिबंधातील सहा जंगलांच्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जवळजवळ प्रत्येक जातीची झाडे पुंजक्यांनी आढळली, आणि संख्येने कमी असलेल्या जाती तर नेहमीच्या जातींपेक्षाही अधिक पुंजक्यांनी होत्या. म्हणजे जात विरळ असूनही तिची झाडे विखुरलेली नसतात. या प्रकाराला ‘पुंजकेदार’ म्हणावे. बोलीत आपण बांबूचे ‘बेट’ आणि केतकीचे ‘बन’ म्हणतोच, पण ते शब्द त्या त्या वनस्पतीला चिकटलेले असल्याने परिभाषेला अपुरे पडतात.

‘समान’ऐवजी ‘नियमित’ घ्यावे: ठिपक्यांच्या रांगोळीसारखे, ठरावीक अंतर राखलेले. तिसरा प्रकार ‘यादृच्छिक’, म्हणजे कोणताही क्रम नसलेला. अंगणात उधळलेल्या अक्षतांसारखा.

प्रतिसाद: अक्षतांचा दाखला मला पटत नाही. मुठीतून सुटलेल्या अक्षता एका जागी जास्त आणि कडेला कमी पडतात. मातृवृक्षाखाली पडणाऱ्या बियांचेही तसेच होते, म्हणून तो दाखला पुंजक्यालाच शोभतो. यादृच्छिकासाठी शहाबादी फरशीवर पडणारे पावसाचे पहिले थेंब आठवावेत. त्यांतही काही थेंब योगायोगाने जवळजवळ पडतात आणि मध्ये रिकाम्या जागा राहतात, त्यामुळे ‘यादृच्छिक’ म्हणजे ‘सगळीकडे सारखे’ ही समजूत आपोआप गळून पडते.

आणखी एक सूचना: प्रकाराबरोबर अंतर आणि वय लिहिल्याशिवाय वाक्य पुरे समजू नये. ईशान्य चीनमधील चांगबाई पर्वतावर, कोरियन पाइन आणि रुंदपर्णी वृक्षांच्या जुन्या मिश्र जंगलात, २००४ साली २५ हेक्टरांचा तुकडा आखून १ सेंटिमीटर किंवा त्याहून जाड खोडाच्या प्रत्येक झाडाची जागा नोंदवली गेली. अशा नकाशावर एकच जात पन्नास मीटरांच्या आवाक्यात पुंजकेदार आणि पाच मीटरांच्या आत नियमित असू शकते. रोपे दाटीने उगवतात, पुढे उजेड आणि पाण्यासाठीच्या चढाओढीत बरीचशी मरतात आणि उरलेल्या मोठ्या झाडांमधले अंतर वाढत जाते. म्हणून ‘ही जात पुंजकेदार आहे’ असे न लिहिता ‘या जातीची रोपे अमुक अंतरापर्यंत पुंजकेदार आहेत’ असे लिहावे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. ‘ठेवण’ शीर्षकात आणि ‘विन्यास’ मजकुरात ठेवतो, अक्षता वगळतो.