अनुभव धागा: डिस्नेलँडमधली दुपार, बसून पाहायचे कार्यक्रम आणि खाऊ

रानजाई
उन्हाळ्यात भारतातून आईबाबा, सासू-सासरे येतात आणि कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांची ॲनाहाइमच्या डिस्नेलँडला एक फेरी ठरलेलीच असते. राइड्सबद्दल खूप लिहून झालंय. हा धागा फक्त दुपारचा. ऊन तापलेलं, रांगा लांबलेल्या, पोरं किरकिरी आणि मोठ्यांचे गुडघे बोलायला लागलेले. राइड्स सकाळी आणि संध्याकाळी कराव्यात, बारा ते पाच बसून पाहायचे कार्यक्रम आणि खाणं ठेवावं, असं माझं ठाम मत आहे. कुठे बसायचं, किती वेळ लागतो, शाकाहारी काय मिळतं, काय बिघडतं, ते नेमकं लिहा.

कोकम
पहिलं नाव टिकी रूमचं. पार्कच्या ॲडव्हेंचरलँड या भागाच्या तोंडाशीच आहे, १९६३ पासून चालू. छताखाली टांगलेले यांत्रिक पक्षी, फुलं, भिंतीवरच्या मूर्ती, सगळे गातात. सुमारे १५ मिनिटं, आत एसी. खुर्च्या चारही बाजूंनी असल्यामुळे कुठूनही दिसतं, पण मान दुखणाऱ्यांना मागच्या रांगेत बसवा, तिथे मान कमी वर करावी लागते. शेवटाकडे अंधार करून ढगांचा गडगडाट करतात. लहान मुलांना आधी सांगून ठेवा आणि त्या वेळी मांडीवर घ्या.

दाराशीच टिकी ज्यूस बार आहे, तिथलं डोल व्हिप (अननसाचं मऊ आइस्क्रीमसारखं) आत न्यायला परवानगी आहे. अननसाच्या साध्या डोल व्हिपमध्ये दूध नाही, जिलेटिन (प्राण्यांपासून काढतात ते) नाही. दुसरा स्वाद मिसळून किंवा वर काही घालून घेतलंत, तर मात्र विचारून घ्या. घोटाळा होतो तो वेळेचा. डिस्नेलँडच्या ॲपवर ऑर्डर देताना वेळ निवडली, तरी ‘आम्ही आलो’ हे बटण दाबेपर्यंत ते बनवायला घेत नाहीत. आधी दाबलं तर बाहेरच्या बागेत खेळ सुरू व्हायची वाट बघता बघता कपात नुसतं पाणी उरतं. दोघांनी कामं वाटून घ्यावीत. एकाने मंडळींना घेऊन बागेत थांबायचं, दुसऱ्याने आधीचा खेळ संपत आला की बटण दाबायचं. मुलांना कपच द्या. अननसाच्या रसावर तरंगणारा फ्लोट उंच ग्लासात येतो आणि अंधारात हमखास सांडतो.

ओसरी
ज्येष्ठांसाठी रेल्वे. पार्कभोवतीची पूर्ण फेरी वीसेक मिनिटांची, स्टेशनं चार. टुमॉरोलँड ते मेन स्ट्रीट (प्रवेशद्वाराजवळचा रस्ता) या टप्प्यात गाडी बोगद्यात शिरते आणि आधी ग्रँड कॅन्यनचा देखावा लागतो, मग डायनोसॉर. ते डायनोसॉर १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात फोर्डच्या दालनात होते, तिथून इथे आणले. बरेच जण मेन स्ट्रीटला चढून न्यू ऑर्लिन्स स्क्वेअरला उतरतात आणि हा भाग नेमका हुकतो. व्हीलचेअर असेल तर मेन स्ट्रीटचं स्टेशन धरू नका, तिथे जिने आहेत. बाकी तिन्ही स्टेशनं चालतात.

सोनकी
शाकाहारी मंडळींसाठी सावधगिरीचं. मार्शमेलोमध्ये सहसा जिलेटिन असतं, त्यामुळे मिकीच्या आकाराचे चॉकलेटात बुडवलेले मार्शमेलो आणि मार्शमेलो घालून केलेली तांदळाच्या कुरमुऱ्यांची वडी, दोन्ही टाळा. मॅकारूनमध्ये बहुधा अंडं. कॉर्न डॉग म्हणजे मक्याचं कणीस नव्हे, आत सॉसेज असतं. काउंटरवर ‘व्हेजिटेरियन’ एवढंच म्हणून थांबू नका, ‘नो मीट, नो फिश, नो एग, नो जिलेटिन’ असं सुटं सुटं सांगा आणि ॲलर्जीचा मेन्यू मागा. मिकी बार (व्हॅनिला, वर चॉकलेटचं कवच) घेतलात तर चॉकलेट तडकून आधी मांडीवर पडतं. कागद काडीपर्यंत सोलू नका, अर्धाच सोला.

घरचं खाणं नेता येतं, हे अजूनही अनेकांना माहीत नसतं. दशम्या, तिळाची चटणी, थालीपीठ खुशाल न्या. लोणचं मात्र काचेच्या बरणीत नको, काच तपासणीतच अडते. सुटा बर्फही चालत नाही, गोठवलेली जेलची पाकिटं ठेवा. खाण्याच्या काउंटरवर थंड पाण्याचा ग्लास फुकट मिळतो, बाटल्या विकत घेऊ नका.

दूरदेशी
परेड रोज नसते, ॲपमध्ये त्या दिवसाचं बघा. असली तर मेन स्ट्रीटचा फुटपाथ सोडा आणि ‘स्मॉल वर्ल्ड’ या राइडच्या बाजूला जागा धरा, तिथे मोकळं असतं. बसण्याआधी उन्हाची दिशा पाहा. आत्ता सावली आहे ती तासाभराने राहीलच असं नाही, आणि गर्दी झाल्यावर हलता येत नाही.

रानजाई
दूरदेशी, मेन स्ट्रीटवरच्या ऑपेरा हाऊसचं काय? तिथला अब्राहम लिंकनच्या बोलत्या पुतळ्याचा कार्यक्रम अजून आहे का?

दूरदेशी
जुलै २०२५ मध्ये तिथे वॉल्ट डिस्नेंवरचा कार्यक्रम आला. आत्ता कुठला चालू आहे ते ॲपवरच बघा. कुठलाही असला तरी मऊ खुर्च्या, एसी आणि मेन स्ट्रीटच्या सुरुवातीची जागा, त्यामुळे थकलेल्यांसाठी उत्तम. ‘मिकीज फिलहारमॅजिक’ हा थ्रीडी चित्रपट मात्र समोरच्या कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर या दुसऱ्या पार्कमध्ये आहे, एका पार्कच्या तिकिटावर दोन्हीकडे जाता येत नाही.

ओसरी
तान्ही मुलं असतील तर मेन स्ट्रीटच्या टोकाला बेबी केअर सेंटर आहे. पाजायला निवांत खोली, बदलायला टेबल, बाळाचं जेवण गरम करायची सोय. पेज थर्मासमध्ये न्या, तिथे बसून भरवा. स्ट्रोलर ३१ इंचांहून रुंद किंवा ५२ इंचांहून लांब असेल तर दारातच अडवतात. कार्यक्रमाबाहेर लावलेला स्ट्रोलर कर्मचारी सरकवून ठेवतात, म्हणून दांड्याला भडक रंगाची ओढणी बांधा आणि पाकीट, पासपोर्ट त्यात ठेवू नका.