वर्गणी ठीक, पण जागेचं काय?

माणशी 500 रुपये वर्गणी काढून नव्या खुर्च्या आणि प्रोजेक्टर घेतले की लालबाग-परळचं जुनं भारतमाता चित्रपटगृह वाचेल, असं कुणीतरी सुचवलंय. पैसे जमतील हो, लालबाग-परळला वर्गणी काढायला कुणी शिकवायला नको! पण थिएटरखालची जमीन गिरणीची, म्हणजे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची. भाडेपट्ट्याचंच भिजत घोंगडं असेल तर नव्या खुर्च्या आणि प्रोजेक्टर घेऊन बसायचं कुठे? मुंबईतलंच जुनं नाट्यगृह रॉयल ऑपेरा हाऊस 2016 ला पुन्हा उघडलं, कारण मालकच, गोंडलचं राजघराणं, मागे उभं होतं.

आणखी एक. न्यास नोंदवलेला नसेल तर अशा वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. आमच्या चाळीच्या वाचनालयाच्या वेळी खजिनदारकाकांनी त्या कार्यालयाला पत्र पोचल्याचा शिक्का बघितल्याशिवाय पावतीपुस्तकं कपाटाबाहेर काढू दिली नव्हती. इथे असे काका कोण होणार?