मदत हवी आहे: ब्लॅक वॉचच्या पायपरचा किल्ट रंगवताना अडलोय

नमस्कार मंडळी, ५४ मिमीच्या छोट्या सैनिक-प्रतिकृतींपैकी ब्लॅक वॉच या स्कॉटिश पलटणीचा पायपर (बॅगपाइप वाजवणारा) रंगवायला घेतलाय, पहिल्या महायुद्धाआधीच्या पूर्ण पोशाखातला. गडबडीत आधी बाकीच्या शिपायांसारखा लाल कोट मारून बसलो! मग कळलं, पायपरचा डब्लेट (आखूड कोट) गडद हिरवा असतो. किल्टचंही (चुण्यांचा स्कॉटिश घागरा) तेच. पलटणीचा गडद निळा-हिरवा टार्टन (चौकटींचं कापड) पायपरला नाही, त्याला लालभडक रॉयल स्ट्युअर्ट. डोक्यावर काळी पिसांची टोपी आणि तिच्यात लाल तुरा, एवढं पक्कं आहे.

कोट खरवडून पुन्हा रंगवला. आता घोडं अडलंय टार्टनवर. लाल थरावर निळे-हिरवे पट्टे कसेबसे जमले, पण पांढऱ्या-पिवळ्या बारीक रेघा ओढताना तीन शून्य नंबरचा ब्रशसुद्धा जाड वाटतो. किल्टच्या मागच्या चुण्यांत तर रेघ हमखास तुटते. अॅक्रिलिकमध्ये पाणी किती घालता? की त्या रेघा शाईच्या पेनाने ओढता?

दुसरं, पाइप्सच्या पिशवीचं कव्हरही किल्टच्याच टार्टनचं करायचं का? आणि गुडघ्याखालच्या मोज्यांच्या चौकटी कोणत्या रंगांत? कुणाकडे त्या काळातल्या पोशाखाचं रंगीत चित्र असेल तर कृपया टाका. डाव्या खांद्यावरचे तीन ड्रोन (बॅगपाइपच्या लांब नळ्या) अजून चिकटवलेले नाहीत, तेवढ्यात उत्तर मिळालं तर बरं.