सीएमओएस घड्याळ (मशीन बंद असतानाही बॅटरीवर वेळ मोजणारी चिप) म्हणे दोन ओळींत वाचता येतं!

बिटकिडा: काल इथे कुणीतरी लिहिलं, "वेळ फर्मवेअरला (मशीनमध्येच भरलेल्या मूळ सॉफ्टवेअरला, म्हणजे बायोस किंवा यूईएफआयला) विचारायचीच कशाला? ७० हेक्स (सोळाच्या पायातला आकडा) पोर्टवर रजिस्टरचा (चिपमधल्या छोट्या कप्प्याचा) नंबर टाका, ७१ वरून वाचा, काम फत्ते." काय फत्ते? चिप दर सेकंदाला स्वतःचे आकडे बदलते. तास वाचला १०, तेवढ्यात १०:५९:५९ चे ११:००:०० झाले, मग मिनिटं-सेकंद वाचले. हातात १०:००:००. तासभर मागे! आधी ए रजिस्टरचा वरचा बिट बघा, आकडे बदलतायत का ते तो सांगतो. तो शून्य असेल तर पुढच्या बदलाआधी वाचायला निदान २४४ मायक्रोसेकंद मिळतात. बीसीडी (दर चार बिटांत एक दशमान आकडा ठेवायची पद्धत) तर साहेबांच्या गावीही नाही, ५९वा सेकंद ८९ छापत असतील.

रिंगशून्य: ते साहेब मीच. बीसीडी कळतं हो, बी रजिस्टर बघूनच बदलतो. आणि २४४ चं कौतुक पुरे, मध्ये इंटरप्ट (प्रोसेसरला दुसऱ्या कामाला लावणारा इशारा) आला की गेले. मी सगळं दोनदा वाचतो, जुळलं तरच घेतो. लाँग मोडमध्ये (प्रोसेसरच्या ६४ बिटी मोडमध्ये) बायोसचा १ए इंटरप्ट, म्हणजे वेळ विचारायची जुनी सोय, तुम्ही बोलावून दाखवा.

जुनाखोड: वाचाल हो, पण ती वेळ कुठली? विंडोज तिथे स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरून चालतं. चिपमध्ये टाइमझोनचा बिटच नाही. एकाच मशीनवर दोन्ही टाकली तेव्हा माझ्या मेक फाइलने (फाइलींच्या वेळा बघून प्रोग्राम बांधणाऱ्या) वैताग आणला होता. सगळ्या फाइल म्हणे भविष्यातल्या! हा विंडोजवाल्यांचा आडमुठेपणा.

खिडकीवाला: आला का विंडोजवर! डॉसपासूनची रीत आहे ती. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' १ करा, विंडोजही यूटीसी धरेल, आणि गप्प बसा.

जुनाखोड: म्हणजे चूक तुमची, रजिस्ट्री उकरायची आम्ही? उन्हाळी वेळ लागली की स्थानिक वेळ धरणाऱ्या दोन सिस्टिम एकेक तास सरकवतात, हेही आम्हीच निस्तरायचं?

खिडकीवाला: मग एकच सिस्टिम ठेवा ना. दोन ठेवायला कुणी जबरदस्ती केली?

बिटकिडा: अहो, धागा चिप वाचण्याचा आहे! रिंगशून्य, शतकाचं काय? वर्षाचे दोनच आकडे मिळतात. ३२ हेक्स रजिस्टर प्रत्येक मशीनवर शतकच देईल असं नाही, एसीपीआयच्या एफएडीटी तक्त्यात (फर्मवेअर सिस्टिमला देतं त्या हार्डवेअरच्या माहितीत) बघावं लागतं.

रिंगशून्य: म्हणजे शेवटी फर्मवेअरचाच तक्ता! बरं, तेवढं तुमचं खरं. ए रजिस्टरचा बिटही बघेन, झालं समाधान? पण दोनदा वाचणं सोडणार नाही. आणि एक्स८६ वर लिनक्ससुद्धा सहसा यूईएफआयला वेळ न विचारता पोर्टच वाचतं, त्यांनाही जाऊन शिकवा.