मदत हवी आहे: रोमन जेवणात गुलाम बोलतो का?

काळोखी_विंग
एकांकिका लिहितोय. पहिलाच प्रवेश जेवणाचा आहे: मालक, पाहुणे आणि वाढणारा गुलाम. गुलाम हेच मुख्य पात्र. सोमवारपासून तालमी आहेत आणि संहिता इथेच अडलीय. एका ठिकाणी वाचलं की गुलामाला तोंड उघडायची मुभा नव्हती, दुसरीकडे तो मालकाची खुशाल थट्टा करताना दिसतो. तो कुठे उभा राहतो, काय वाढतो, बोलतो का, एवढंच सांगा. लवकर हवंय.

जुनी_वही
काळ कोणता? घर कुणाचं? शहरातलं की मळ्यावरचं? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

काळोखी_विंग
रोमनच हो. श्रीमंत घर, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात असायचं तसं. कलाकार सात.

पातेलं
आधी ताटाचं बघा. रंगमंचावर टोमॅटो, बटाटा, मका, मिरची यातलं काहीही ठेवू नका, हे सगळं अमेरिकेतून फार नंतर आलं. जेवणाची सुरुवात अंड्याने आणि शेवट फळांनी, सफरचंद चालेल. मध्ये मासे, डुक्कर, पक्षी. जवळपास सगळ्यांत गारुम, म्हणजे मासे मिठात मुरवून काढलेलं पाणी. पॉम्पेईत स्कॉरस नावाचा माणूस या धंद्यावर इतका मोठा झाला की त्याने घरातल्या फरशीवर गारुमच्या बरण्यांची चित्रं बसवून घेतली. आणि काटे ठेवू नका. जेवण हाताने आणि चमच्याने. म्हणून हातावर पाणी घालणारा माणूस हवाच.

सह्यकडा
गुलामावर अत्याचार दाखवायचा मोह टाळा. घरातले गुलाम कुटुंबातच धरले जात. प्रसिद्ध वक्ता सिसेरो याने आपला गुलाम टायरो याला इ.स.पू. ५३ मध्ये मुक्त केलं, त्याच्या आजारपणात काळजीने पत्रांमागून पत्रं लिहिली. मुक्ती इतकी सर्रास होती की तिच्यावर गुलामाच्या किमतीच्या ५ टक्के कर होता.

मातीखालचं
सह्यकडा, टायरो एखादाच. इ.स. ६१ मध्ये रोमचा नगरप्रमुख पेडानियस सेकुंडस याला त्याच्या एका गुलामाने घरात मारलं. जुन्या प्रथेप्रमाणे त्या छपराखालचे सगळे, ४०० गुलाम, ठार केले गेले. बायका-मुलंसुद्धा. कुटुंबातल्या माणसांना कुणी असं मारतं का? गुलामाची कोर्टातली साक्षसुद्धा छळ करून घेतलेलीच ग्राह्य. २०२१ मध्ये पॉम्पेईजवळ चिविता जुलियाना इथे गुलामांची खोली सापडली: १६ चौरस मीटर, तीन खाटा, त्यातली एक जेमतेम १.४ मीटरची, आणि कोपऱ्यात अडगळीचे रांजण. माणसं आणि सामान एकाच खोलीत.

सह्यकडा
त्याच प्रसंगात लोक दगड आणि मशाली घेऊन शिक्षेविरुद्ध रस्त्यावर उतरले होते, ते का सांगत नाही? सम्राट नीरोला वाटेवर दुतर्फा सैनिक उभे करावे लागले.

मातीखालचं
उतरले, मान्य. ४०० जण मेलेच.

तेरणाकाठ
या निमित्ताने एक सांगतो. रोमन ताटातली मिरी मलबारच्या किनाऱ्यावरून जायची आणि व्यापाराच्या त्या जाळ्यात आपलं तेर, पैठण, कल्याणही होतं. पॉम्पेईत सापडलेल्या हस्तिदंती बाईसारखी बाहुली आमच्या तेरलाही मिळाली आहे. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती निघाली. तुमच्या पाहुण्यांमध्ये एखादा व्यापारी घाला, भारतातून येणाऱ्या मालाबद्दल बोलू दे.

बाराबंदी
ग्लॅडिएटर घ्या, प्रेक्षक हमखास खिळतो. ते मुख्यतः जव खायचे, लोक त्यांना जवखाऊच म्हणत.

काळोखी_विंग
मंडळी, मनापासून आभार, पण माझ्या एकांकिकेत ग्लॅडिएटर नाही आणि व्यापारीही नाही. माझा गुलाम बोलतो की नाही?

जुनी_वही
आता घर कळलं, तर नीट सांगते.

तीन पलंग चौकोनाच्या तीन बाजूंना, प्रत्येकावर तिघे, म्हणजे नऊ जण. चौथी बाजू वाढण्यासाठी मोकळी. तीच प्रेक्षकांकडे ठेवा, नेपथ्याचा प्रश्न सुटला. सातांत तीन पलंग भरणार नाहीत, म्हणून मधला मागे नीट दाखवा आणि बाजूचे दोन विंगेत अर्धे जाऊ द्या. जेवणारा डाव्या कोपरावर रेलतो: डोकं मेजाकडे, पाय बाहेर. पाहुणा आपला गुलाम सोबत आणायचा आणि तो मालकाच्या पायाशी उभा राहायचा. म्हणजे मधल्या पलंगामागे उभ्या गुलामाचा चेहरा प्रेक्षकांना पूर्ण दिसेल, मालकाला नाही. तुमचं अर्धं नाटक इथेच आहे.

आत येताच पाय धुणं. पॉम्पेईतल्या एका घरात जेवणाच्या खोलीच्या भिंतीवर लिहूनच ठेवलंय: पोराने पाहुण्यांचे पाय धुवावेत आणि पुसावेत.

बोलण्याबद्दल रोमन तत्त्वज्ञ सेनेकाचं ४७वं पत्र बघा. मालक जेवत असताना गुलामांना ओठ हलवायचीही सोय नाही, खोकला किंवा शिंक आली तरी फटके, रात्रभर उपाशी आणि गप्प उभं राहायचं. तुम्ही वाचलेली थट्टा बहुधा रोमन नाटककार प्लॉटसच्या विनोदी नाटकांतली. मळ्याचं घर किंवा डिसेंबरातला सॅटर्नेलियाचा सण दाखवलात तर चित्र बदलेल. त्या सणात मालक गुलामांना वाढायचे.

काळोखी_विंग
मग मुख्य पात्र पूर्ण प्रवेश मुकं? पंधरा मिनिटं?

मातीखालचं
स्वयंपाकघरात नेऊन बोलू द्या. पॉम्पेईतली स्वयंपाकघरं लहान, धुराने भरलेली, बऱ्याचदा शौचकूप शेजारीच. मालक तिकडे कशाला जाईल?

जुनी_वही
त्याहून बरं सुचवते. त्याला वाचक करा. सुखवस्तू घरांत जेवताना मोठ्याने वाचून दाखवणारा गुलाम असे. सिसेरोचा मित्र अ‍ॅटिकस पाहुण्यांच्या करमणुकीसाठी फक्त वाचकच ठेवायचा. खोलीत सगळे गुलाम गप्प आणि हा एकटा बोलतो, पण एक शब्दही त्याचा स्वतःचा नाही.

काळोखी_विंग
हेच घेतो! काय वाचेल तो? ग्रीक महाकवी होमर चालेल?

सह्यकडा
चालेल, ग्रीक शिकलेले गुलाम कैक होते. त्याच्या इलियड महाकाव्यातलं प्रायमचं घ्या. म्हातारा राजा मुलाचं प्रेत मागायला, त्याला मारणाऱ्या अकिलीसच्याच तंबूत जातो.

मातीखालचं
हे मला पटलं. तो भाग वाचताना मालकाने मध्येच "पुरे, वाइन आण" म्हणावं.

पातेलं
वाइन पाणी घालून आणा. निव्वळ पिणं हे रानटीपणाचं लक्षण समजत.